काका, जरा उतरून जा ना

नांदेडात आमच्या दारासमोर फुटपाथ होत होता तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी पाठीमागे हात बांधून तिथं उभे राहायचे. ठेकेदाराला वाटलं म्हातारा कुठल्या तरी खात्यातून तपासायला आलाय. काम संपल्यावर त्यांनी या टोकापासून पार विहारापर्यंत एक चक्कर मारली आणि घरी येऊन मायला म्हणाले, "हितं कुणी कुणाला उतर म्हणणार न्हाई."

त्या 'उतर'चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता. जळकोटकडच्या त्यांच्या गावात वरच्या आळीचं कुणी समोरून आलं, की आमच्या वस्तीतल्या माणसानं वाट सोडून खाली उतरायचं. शेजारी बाभळीचे काटे असोत नाहीतर चिखल. आबांच्या वडलांनी त्यांचं मनगट धरून त्यांना असं कितीदा तरी खाली उतरवलेलं. पुढं धम्म आला, शाळा आली, सरकारी नोकरी आली. गाव सुटलं. उतरण्याबद्दल आबा फारसं बोलत नसत, पण त्यांच्या चालण्यात ते दिसायचं. रस्त्यात समोरून कुणीही येवो, आबा आपली रेघ सोडत नसत. माय चिडवायची, "तुमी काय रेल्वे हाव का?"

मग त्यांना लकवा मारला. उजवा पाय ओढत चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, चाला, चालाल तर पाय परत येईल. आबांनी मनाशी ठरवून टाकलं, की रविवारी वंदनेला विहारात आपल्या पायानं जायचं, ऑटोनं नाही आणि कुणाचा हात धरूनही नाही. आधी विजेच्या खांबापर्यंत, मग मेडिकलपर्यंत, असं त्यांचं चालणं वाढत गेलं. मी मागं मागं असायची. हात पुढं केला तर काठी आपटायचे.

पण तोवर फुटपाथवर गाड्या चढल्या होत्या. आमच्या रस्त्यावर माणसाला टेकायला ओटा नाही, पण गाडीला झोपायला फुटपाथ आहे! शेजाऱ्याला सांगून पाहिलं, तर तो हसत म्हणाला, "मग काय डोक्यावर घेऊ का?" गाड्यांना बाहेरून कापडाची आवरणं घालतात, लिंबू-मिरची बांधतात, दसऱ्याला हार घालतात. चालणाऱ्या माणसाची एवढी बडदास्त कुणी ठेवलेली मी पाहिली नाही.

गाडी आडवी आली की आबा तिच्या मागं उभे राहून हाक मारायचे, "कुणाची गाडी हाय, बापा?" आणि वाट बघायचे. गावाकडं पाणंदीत बैलगाडी आडवी लावलेली असली की अशीच हाक मारायची रीत. गाडीवाला कुठल्या तरी रानातून ओ देतो, येऊन बैल बाजूला घेतो. इथं कोण ओ देणार? गाडीवाला दुसऱ्या मजल्यावर एसीत. मी म्हणायची, आबा, रस्त्यावरून वळसा घालू. ते मान हलवायचे. थकले की माघारी फिरायचे, पण उतरायचे नाहीत.

"गाडी म्हंजे काय बैल हाय, हाक मारली की उठायला?" माय म्हणायची.

"बैल असता तर उठला असता," आबा म्हणायचे.

एका रविवारी मायनं पांढरा सदरा इस्त्री करून दिला. आबा खांब ओलांडून, मेडिकल ओलांडून पुढं गेले. विहाराची कमान दिसायला लागली. मला आतून हसू फुटत होतं. नाश्त्याच्या हॉटेलापुढं एक मोठी पांढरी गाडी भिंतीला नाक लावून उभी होती. आबांनी हाक मारली. आणि नवल म्हणजे गाडीवाला आला! तरणा पोरगा, हातात फोन, चेहरा लाघवी.

"काका, जरा खाली उतरून जा ना. दोनच मिनिटं, पार्सल घेऊन राहिलो."

मी तोंड उघडायच्या आत त्यानं आबांचं मनगट धरलं आणि सावकाश, जपून त्यांना रस्त्यावर उतरवलं. फुटपाथ चांगला वीतभर उंच. पलीकडं गेल्यावर आबांना परत वर चढता येईना. मागून ऑटो हॉर्न मारत होते. कमान समोर होती. आबा तिच्याकडं बघत नव्हते, आपल्या मनगटाकडं बघत होते.

"घरी चल," म्हणाले.

माय सदऱ्याची बटणं काढत होती तेव्हा ते हळूच तिला म्हणाले, "मला उतरवलं त्यानं. लई गोड बोलून उतरवलं."

त्या पोरानं शिवी दिली असती तर आबा भांडले असते, आणि मीही भांडले असते. त्याला काही ठाऊकच नव्हतं. त्याच्यावर धड रागही धरता येत नाही, याचंच मला आजही रडू येतं.

त्यानंतर आबा चालायला गेले नाहीत. रोज म्हणायचे, उद्या. काठी दाराशी टेकलेली असायची. पाय आखडत गेला, मग अंथरूण आलं. हिवाळा सरता सरता ते गेले.

त्यांना न्यायला शववाहिनी आली ती थेट आमच्या दारापुढं फुटपाथवर चढली. माय आतून उठून बाहेर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भाऊ, गाडी खाली घ्या. ही चालायची जागा हाय."

"मावशी, रस्त्यावर लई गर्दी हाय. दोनच मिनिटं..."

"न्हाई. आधी खाली उतरवा."

पाहुणे कुजबुजले, कुणी तरी मायला आत न्यायला बघितलं. ती हलली नाही. ड्रायव्हरनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, तो आत बसला आणि गाडी मागं घेत घेत रस्त्यावर उतरवली.

आमच्या सांगण्यावरून खाली उतरलेली ती एकच गाडी. आणि ती आबांना न्यायला आली होती.