पहिला फ्लॅश सोडून

१४ ऑक्टोबर २००८ रोजी गोदीतल्या तपासणी कंपनीच्या टेबलावर पाण्याखालच्या कॅमेऱ्यांसाठी सहा नव्या फ्लॅशचं दरपत्रक आलं. एकूण रक्कम दोन लाख चौतीस हजार सहाशे. साहेबांनी ते एकदा वाचलं, उलटं करून ठेवलं आणि समोर उभ्या असलेल्या पाणबुड्याला विचारलं, "जुने सहा चांगले आहेत ना? मग ते का चालत नाहीत?"

पाणबुड्या तिथे तीन वर्षं कंत्राटावर होता. जहाजांच्या तळाचे पाण्याखाली फोटो काढणं हे त्याचं काम. कायम करण्याच्या कच्च्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं आणि पक्की यादी डिसेंबरात निघणार होती. तो म्हणाला, "नव्या डिजिटल कॅमेऱ्यांशी त्यांचं जमत नाही साहेब. पण माझे सासरे जमवतील."

सासऱ्यांना बाजारात सगळे चकमकमास्तर म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी फ्लॅश दुरुस्त केले होते. दुकान जिन्याखाली, गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांना स्टूल भिंतीला लावून बसावं लागे. फिल्मचा जमाना सरला तशी गिऱ्हाइकं सरली आणि स्टूल हलवायची वेळ क्वचितच येऊ लागली. म्हणून जावई एका थैलीत सहा फ्लॅश घेऊन आला तेव्हा मास्तरांनी चहासुद्धा विचारला नाही. सरळ पेचकस उचलला.

"किती दिवस लागतील बाबा?"

"तुम्हाला कधी हवेत?"

"काल."

"मग दोन आठवडे," मास्तर म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, "पैसे किती ठरले?"

"जावयाकडून कसले पैसे?"

"जावयाकडून नकोत हो. कंपनीकडून. का कंपनीलाही मुलगी दिली आहे आपण?"

पोरीच्या घरात कायमचा पगार सुरू होण्याची गोष्ट होती. त्यापुढे बिल कुठे फाडायचं.

दुखणं त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. जुन्या कॅमेऱ्यापासून फ्लॅशपर्यंत तार जायची. कॅमेरा सांगेल तेव्हा फ्लॅश उडायचा. नव्या कॅमेऱ्याच्या पाणबंद पेटीला तारेसाठी भोकच नव्हतं. आता फ्लॅशने आपल्या काचेच्या डोळ्याने कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश बघायचा आणि तो बघून उडायचं, एवढीच वाट उरली होती. पण डिजिटल कॅमेरा दोनदा लुकलुकतो. पहिल्यांदा अंदाज घ्यायला, दुसऱ्यांदा खरा फोटो काढायला. जुना बिचारा पहिल्याच लुकलुकीला सगळा जीव ओतून मोकळा व्हायचा. खऱ्या वेळी त्याच्याकडे काही उरायचं नाही आणि फोटो काळा.

उपाय म्हणजे त्याला मोजायला शिकवायचं. पहिला सोड, दुसऱ्याला उड. मास्तरांनी नखाएवढी पट्टी बनवली, तिच्यावर चार-पाच सुटे भाग झाळले, आणि पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला धक्का न लावता ती फ्लॅशच्या पोटात बसवली. एका फ्लॅशला दोन दिवस लागले. मागच्या मोरीत निळं पिंप भरलं, तळाशी बायकोची कात्री टाकली, आणि जावयाने ठेवलेला कॅमेरा नि फ्लॅश पाण्यात धरून फोटो काढले. मास्तरांचं काम शिस्तीचं. एक फ्लॅश बाहेर, मगच दुसरा आत. प्रत्येकी पन्नास फोटो, वहीत नोंद. तीनशेच्या तीनशे फोटोंत कात्रीचा गंजसुद्धा दिसत होता.

"माझ्या कात्रीचे एवढे फोटो," बायको म्हणाली. "माझा एक नाही."

मास्तर त्या दिवशी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

नोव्हेंबरच्या शेवटी एक मालवाहू जहाज आलं. संध्याकाळी सुटणार होतं, तोवर तळाचे फोटो हवे होते. जावई आणि त्याचा जोडीदार मास्तरांचे फ्लॅश घेऊन उतरले. वर आले तेव्हा एकशे चाळीस फोटोंपैकी नऊ बरे होते. बाकीचे काळे. दुसऱ्यांदा उतरायला वेळ नव्हता. जहाज सुटलं, अहवाल फोटोंशिवाय गेला, आणि जहाजवाल्याने पैसे द्यायला नकार दिला.

जावई रात्री फ्लॅशची थैली घेऊन मास्तरांच्या घरी आला, मुलगी बरोबर होती. तो बसला नाही.

"पिंपात चालत होते," मास्तर म्हणाले. "तीनशे फोटो आहेत माझ्याकडे."

"पिंपात एकच होता बाबा. आम्ही दोघं होतो. त्याने बटण दाबलं की त्याच्या उजेडाने माझाही फ्लॅश मोजायचा आणि उडून जायचा. मी दाबेपर्यंत रिकामा. त्याचंही तेच."

"दोघं शेजारी शेजारी काम करता हे मला सांगायला हवं होतं."

बोलली ती मुलगी, आवाज न चढवता.

"बाबा, लग्न ठरताना तुम्ही यांना एकच प्रश्न विचारला होता. पाण्यात एकटे उतरता का. हे म्हणाले, कधीच नाही, नियमच आहे. तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

मास्तरांनी वहीकडे पाहिलं. मग ती मिटली. खरं होतं. पोरीसाठी विचारलेली गोष्ट कामाच्या वेळी डोक्यात आलीच नव्हती.

डिसेंबरात यादी निघाली. दुसऱ्या नंबरावर जोडीदाराचं नाव होतं, जावयाचं कुठेच नव्हतं. साहेबांचा हिशोब सोपा होता: फ्लॅश सासऱ्यांकडून करून घ्यायची सूचना जोडीदाराची नव्हती.

मास्तरांनी तोवर चूक दुरुस्त केली होती. फ्लॅशचा डोळा काळ्या टोपीने झाकला आणि कॅमेऱ्यापासून त्या टोपीत प्रकाश वाहून नेणारी प्लास्टिकची बारीक तार आणली. आता फ्लॅशला फक्त आपल्याच कॅमेऱ्याचा उजेड दिसे. मोरीत दोन पिंपं शेजारी मावेनात, म्हणून शेजारणीकडून लांबट टब मागून आणला. दोन फ्लॅश, दोन उसने कॅमेरे, बायको एका बाजूला बटण दाबायला. एकही फोटो काळा आला नाही. बायको म्हणाली, "हे आधी केलं असतंत तर." पुढचं वाक्य तिने गिळलं, पण मास्तरांना ते ऐकू आलं.

सहाही फ्लॅश घेऊन ते कंपनीत गेले. साहेब बाहेर आले नाहीत. टेबलामागच्या कारकुनाने थैली उघडून पाहिली.

"नवे आले मास्तर. गेल्याच आठवड्यात."

"हे चालतात. दोघं असले तरी चालतात. दाखवू का?"

"कोणाला दाखवता? साहेबांनी जुने भंगारात लिहून टाकलेत. कागदावर ते आता नाहीतच." मग जरा मऊ होऊन तो म्हणाला, "घेऊन जा तुम्हीच. कोणी विचारणार नाही."

जानेवारीत जावई दुसऱ्या बंदरावर कामाला गेला, पुन्हा कंत्राटावर, पहिल्यापासून. मुलगी महिन्यातून एकदा आईला फोन करते. फोन मास्तरांच्या हातात आला की म्हणते, "बरं आहे बाबा, गडबडीत आहे." सहा फ्लॅश दुकानात फळीवर आहेत आणि सगळे चालू आहेत.

ती बारीक तार मास्तरांनी चौकातल्या शोभेच्या दिव्यांच्या दुकानातून घेतली होती, दहा मीटर. तिचे एकशे ऐंशी त्या दुकानदाराला अजून द्यायचे आहेत.