काणेकाकांची होडी

काणेकाकांबरोबर बिशानच्या रस्त्यावरून चालणं म्हणजे शिक्षा होती. दर चार पावलांवर ते थांबत, मान वर करून झाडाकडे बघत आणि म्हणत, "ती फांदी बघ. होडीची बरगडी झाडानंच वाकवून ठेवलीय." एमआरटीची मेट्रो चुकणार म्हणून मी घड्याळ बघे, तोवर ते पुढच्या झाडाखाली पोचलेले असत.

आम्ही इथे परदेशात एकाच कंपनीत. मी आयटीत, ते पोलादी जहाजांचे आराखडे काढत. त्यांचा जीव मात्र जडला होता हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग सुतारांवर. ते लोक ओंडका करवतीने कापत नसत. ओला असतानाच पाचरी ठोकून गाभ्यापासून सालीपर्यंत फोडत, मग कुऱ्हाडीने तासत. धागे अखंड राहत, त्यामुळे फळी पातळ असूनही लाटेवर लवे. काकांना तशी होडी बांधायची होती. पडलेल्या झाडांचे ओंडके ते सेंगकांगजवळच्या भाड्याच्या गाळ्यात आणत. इथलं लाकूड पिळाचं, धागे मुरडलेले; दहांत एखादं सरळ फुटे. "करवत हुकूम सोडते रे, पाचर विचारून आत जाते," असं म्हणत ते पुन्हा ओंडके शोधायला निघत.

मग कंपनीने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. इथे राहायच्या पासची मुदत संपायच्या आत होडी एकदा पाण्यात घालायची, एवढंच त्यांच्या डोक्यात. एकच फळी बसवायची उरली होती आणि सरळ लाकूड काही मिळेना. त्यांची तगमग मला बघवेना. ते घरी सामान बांधत असताना मी पिळाचाच एक ओंडका विजेच्या करवतीने कापला, वरून कुऱ्हाडीचे चार घाव मारले आणि दुसऱ्या दिवशी "फुटली एकदाची" म्हणून फळी त्यांच्या हातात दिली. वाकवताना ती मधोमध तडकली. काकांनी भेगेवरून अंगठा फिरवला. "सुकली असेल," एवढंच म्हणाले. मी गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

होडी तशीच अपुरी राहिली. त्यांना सोडायला गेलो तेव्हा विमानतळावर मात्र मला राहवलं नाही.

"काका, ती फळी मी करवतीने कापली होती."

"ठाऊक आहे. धागे तुटलेले दिसत होते की." ते ट्रॉली मागेपुढे ढकलत होते. "माझीच घाई तुला लागली. आता तू फोड, सावकाश. फुटली की फोन कर."

मी दर शनिवारी ओंडके फोडू लागलो. सगळे वाकडे. पुण्याहून काका विचारत, "काय म्हणतंय लाकूड?" मग एकदा त्यांच्या मुलीचा फोन आला. काका झोपेतच गेले होते.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी एक ओंडका या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फुटला. मी धावत जाऊन फोन घेतला, आणि त्यांचा नंबर लावेपर्यंत ते नाहीत हे मला आठवलंच नाही.