भावाबरोबर बिनगाडीची भिवंडी

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, आम्ही आलो की एका दिवसात भिवंडीत काय काय बघायचं? आणि गाडी नको हं, आम्हाला रिक्षाच हवी." धाकटीने तर नेटवर शोधून सांगितलं की भिवंडीत बघण्यासारखं काही नाही, नुसती गोदामं आहेत. मला ते लागलं. मी वहीचं पान आडवं धरून रकाने आखले: ठिकाण, कशाने जायचं, किती वेळ, बसायला सावली कुठे, स्वच्छ बाथरूम कुठे. पण न तपासलेल्या कागदावर माझा विश्वास नसतो, म्हणून आधी आपणच एक फेरी मारून यायचं ठरवलं. तो कागद पाठवते म्हणाले होते आणि पाठवला नाही. का, ते आता लिहिते.

हा बेत मी तुमच्या मामाआजोबांना सहज बोलून दाखवला. तो माझा एकुलता भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दिघाशीला आमच्या माहेरच्या घरी राहतो. त्याची गाडी दारात उभी राहिली की अंगण संपतं, आणि कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी तो तीच काढतो. असा माणूस म्हणाला, "मी पन येतो गो ताय. गाडी ठेवतो घरी. लहानपनी फिरायचो तसं फिरू." मला भरून आलं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मधी एक काम उरकून घेऊ. नोंदनी हापिसात आईच्या वारसनोंदीचा अर्ज हाय. तुझी एक सही लागंल."

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. बाबा गेल्यावर शेताच्या सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं अशी तीन नावं लागली; आता आईही नाही. बाबांनी जिवंतपणीच चार माणसांसमोर सांगून ठेवलं होतं, पोरीचं नाव वगळायचं नाही. लग्नानंतर बँकेच्या पासबुकापासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे मी दुसऱ्या नावाची झाले. त्या उताऱ्यावर मात्र मी अजून बाबांची मुलगी आहे, माहेरच्या नावाने. आता असा तो एकच कागद उरलाय. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. भाऊ साडी देतो, जेवायला घालतो, बहीण जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करते आणि माहेरचं दार उघडं राहतं. माझ्या सगळ्या चुलतबहिणींनी केली. माझ्याकडे कधी कोणी मागितली नव्हती.

वारसनोंद तलाठ्याकडे होते, नोंदणी कार्यालयात नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही मी त्याला विचारलं नाही. आयुष्यभर शेजारणींना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नका. त्या दिवशी मला भावाबरोबर फिरायला मिळणार होतं, आणि बाकीचं मी मागे टाकलं.

सकाळी आठला आम्ही वऱ्हाळा तलावावर भेटलो. त्याच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. काय आहे विचारलं तर म्हणाला, "आसंच." पायऱ्यांवर बसून आम्ही वडापाव खाल्ला. लहानपणी याच तलावात तो पडला होता आणि मी त्याला केसांना धरून वर काढलं होतं. "तवापासून टक्कल पडाया लागलं मना," तो म्हणाला. मी इतकी हसले की शेजारचे आजोबा वळून बघायला लागले. कागदावर लिहिलं: तलाव, एक तास, सावली भरपूर.

तिथून धामणकर नाक्याला शेअर रिक्षा केली. मागे तिसरी सीट भरायची म्हणून रिक्षावाला भावाला म्हणाला, "चाचा, थोडा सरको, आप अकेले ही पूरी रिक्षा हो."

"ताय, आसा पोत्यासारखा मी कधी बसलो न्हवतो."

"पोतं निदान गप्प बसतं," मी म्हटलं.

नाक्याच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते. दारातून डोकावले तर आतला कामगार धाग्याची गाठ मारता मारता ओरडला, "अंदर आइए खाला, टिकट नहीं है!" आम्ही आत उभे राहिलो. खटखटाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. विणलेलं कापड बोटाबोटाने पुढे सरकत होतं आणि कापसाचे तंतू भावाच्या मिशीवर बसत होते. तुम्हा दोघांना हे नक्की आवडेल असं वाटलं. लिहिलं: माग, वीस मिनिटं, रुमाल न्यावा.

त्यानंतर मंडई आणि मग जुनं बंदर असा क्रम होता. पण तो सारखा घड्याळ बघत होता. "ते नंतर. एकच्या आत पोचलं पायजे, मंग साहेब जेवाया जातो." मला क्रम मोडलेला आवडत नाही, तरी मी मोडला.

नोंदणी कार्यालयाबाहेर ताडपत्रीखाली टेबल टाकून एक दस्तलेखक बसला होता. आम्हाला बघताच तो उठला. "या, या. हक्कसोडवाल्या बहीण ना? आधार आणलंय? आधी फोटो, मग अंगठा."

मी भावाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. मी दस्त मागून घेतला आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. चार पानं होती. माझं माहेरचं नाव, बाबांचं नाव, आणि खाली, मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय हक्क सोडत आहे.

"वाचाया काय हाय त्यात? सगल्यांचं तेच आस्तं," भाऊ म्हणाला.

"बाई शिकलेल्या दिसतात," दस्तलेखक हसला.

तेव्हा भावाने पिशवीतून साडी काढली. मोतिया रंगाची, बारीक काठाची. माझी आवड त्याला बरोबर ठाऊक आहे. "तुझ्यासाठीच आनलीय गो. सही झाली की जेवाया जाऊ, झालं."

"वारसनोंद म्हणालास."

"ती बी करू."

"मला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आस्तं तं तू वाचत बसली आस्तीस," तो म्हणाला. रागाने नाही, खरं ते बोलला. मग हळू आवाजात पुढचंही सांगितलं. गोदामवाल्यांना शब्द दिलाय. ताय तयार हाय, असं त्याने महिन्यापूर्वीच सांगून टाकलंय. शेताला भिंत घालून झालीय.

गाडी घरी का राहिली ते मला त्या क्षणी कळलं. गाडी असली की मी दर वेळी म्हणते, चल, शेतावर जाऊन येऊ. शेतापर्यंत रिक्षा जात नाही.

मी चारही पानं जुळवून टेबलावर ठेवली, वर पेपरवेट ठेवला, आणि सही केली नाही.

बाहेर नाक्याकडे जाणारी एकच रिक्षा उभी होती. मी बसले. तोही येऊन शेजारी बसला, दुसरं काही वाहन नव्हतंच. तिसरं माणूस येईपर्यंत रिक्षावाला हलायला तयार नव्हता. पंधरा मिनिटं आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो.

शेवटी मी म्हटलं, "घरी येऊन मागितली असतीस तर मी दिली असती रे. साडीशिवाय दिली असती."

तो एकदम माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "मंग चल ना! अजून साहेब उठला नसंल."

त्याला काही समजलंच नव्हतं. दस्तापेक्षा ते मला जास्त झोंबलं. मी नको म्हटलं. त्याने दोनदा विचारलं, मग तो म्हणाला, "मंग माहेर इसर." तेवढ्यात एक बाई कोथिंबिरीची जुडी घेऊन आमच्यात येऊन बसली आणि रिक्षा सुटली. नाक्यावर मी उतरले. तो उतरला नाही.

भाऊबीजेला मी ताट केलं होतं. दिवे लागेपर्यंत वाट पाहिली आणि पाट उचलला. सहीचं विचाराल तर मी ती अजून केलेली नाही. करणार नाही असंही नाही. भिंत घातलेल्या शेताचं मी काय करणार? पण मला विचारल्याशिवाय माझा होकार कोणी सांगू नये, एवढं त्याच्या तोंडून मला ऐकायचं आहे.

तुमच्या वाढदिवसाला मामाआजोबांचा फोन येईल. नेहमीसारखंच बोला त्यांच्याशी. त्यांनी फसवलं ते मला, तुम्हाला नाही. माझ्याबद्दल विचारलं तर आजी बरी आहे म्हणा, आणि फोन माझ्याकडे जोडून देऊ नका.