देवीच्या घटातली नाचणी आणि मुलुंडचं स्थळ

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. नाहीतर चहा संपवा आणि घरी जा. लोकांच्या हसण्याचाही आता कंटाळा आलाय मला!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालाडला दोन खोल्यांत आई आणि मी. मी अंधेरीच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होतो. किती वर्षं, ते विचारू नका. माझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली होती!

विषय काय, तर नाचणीवरचा करपा रोग. सह्याद्रीतल्या उंचावरच्या गावांतून मी रोगट पानं गोळा केली होती, त्यांतली बुरशी वाढवली होती. माझं म्हणणं असं, की ही बुरशी दिसायला सगळीकडे सारखी, पण आतून प्रत्येक डोंगरावर तिचं कूळ वेगळं. एका गावची बुरशी जी नाचणी मारते, तिला दुसऱ्या गावची हातही लावत नाही.

हे सिद्ध कसं करायचं? नाचणीच्या वेगवेगळ्या जातींची रोपं वाढवायची, त्यांच्यावर एकेका गावची बुरशी पाण्यात कालवून फवारायची आणि कुठली जात मरते ते बघायचं. सोपं आहे हो! फक्त एकही रोप मरेना. मी फवारतोय, रोपं मजेत डोलतायत!

माझे गाइड सर म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे रे. शेती का करत नाहीस?"

त्यात नवरात्राच्या तोंडावर कॉलेजातला फ्रिज बिघडला. फवारणीच्या बाटल्या, इस्त्रीवाल्याकडे असतात तसल्या, मी घरी आणून माठाशेजारी गारव्याला ठेवल्या. प्रत्येकीवर गावाच्या नावाची चिठ्ठी. एकीत तुलनेसाठी नुसतं साधं पाणी.

इकडे आईने घट बसवला. घटाभोवती धान्य पेरतात ना, त्याचे कोंब जेवढे तरारून येतील तेवढी घराची भरभराट. एका संध्याकाळी ती शेजारी आरतीला निघाली. "झिला, घटावर जरा पाणी शिंपड," म्हणाली. मी दिवसभराचा दमलेला. तांब्या शोधायचा कंटाळा. साध्या पाण्याची बाटली उचलली आणि फवारलं.

साध्या पाण्याची, असं मला वाटलं.

नवमीला मुलुंडचं स्थळ येणार होतं. मुलीला मी एका लग्नात पाहिलं होतं. आवडली होती. खरंच आवडली होती हो! आई तर सकाळपासून देवीला सांगत होती, एवढं जमू दे गे माये.

मुलीचे आईवडील आले, खिचडीच्या बशा हातात घेऊन बसले. मुलीची आई घटाला नमस्कार करायला वाकली आणि तशीच थांबली.

"अगोबाई! कोंबांवर डाग कसले पडलेत हे?"

आईचा चेहरा पांढरा पडला. मी वाकून बघितलं. लांबट तपकिरी डाग, मधे राखाडी. करपा! काही रोपांनी माना टाकलेल्या, शेजारची ठणठणीत! इतकी वर्षं जे कॉलेजात झालं नाही, ते देवीच्या दमट कोपऱ्यात झालं होतं. माझा तोल सुटला.

"मेली! आई, मेली! झकास वाट लागलीय!"

"कोण मेली?" मुलीचे वडील बशी सावरत उठले.

"रोपं! मीच मारली!"

"देवीचा घट मारलास?" आई ओरडली.

"अगं, काही मेली, काही जगली, हेच तर पाहिजे होतं! बी कुठलं पेरलंस?"

"तुझ्याच नाचणीच्या पुड्यांतलं. निवडलेलं होतं ना. सगळ्या पुड्यांतलं चिमूट चिमूट घेतलं."

"एकत्र?"

"मग काय, देवीला वेगवेगळं पेरू?"

बरं. निदान बुरशी कुठल्या गावची ते तरी कळेल! कुठली बाटली कमी झालीय ते बघायला मी माठाकडे धावलो. बाटल्या नव्हत्या. त्या देव्हाऱ्याखाली ओळीने मांडलेल्या होत्या. स्वच्छ, रिकाम्या, चिठ्ठ्या गायब. प्रत्येकीला हळदकुंकू आणि वर झेंडूचं फूल.

खंडेनवमी! हत्यारांची पूजा!

"तुझी हत्यारं तीच ना रे?" आई हळूच म्हणाली. "सकाळी साबणाने घासली. म्हटलं, औंदा तरी डिग्री मिळू दे."

हिच्यावर चिडायचं कसं, सांगा? मी तिथेच फरशीवर बसलो. पाहुण्यांना अचानक घाटकोपरला कुणाकडे तरी जायचं आठवलं. चहाही घेतला नाही.

सुट्टीनंतर सरांना सगळं सांगितलं.

"रोग कुठल्या गावचा?"

"माहीत नाही, सर."

"मेली ती जात कुठली?"

"माहीत नाही."

"आणि जगली ती?"

"तीही नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तुला नक्की माहीत तरी काय आहे?"

"नकार मुलुंडचा आहे, सर," मी म्हटलं. "एवढं पक्कं."