स्मशानमामी

मामींना 'बहुतेक' या शब्दाचा राग होता. तो कोणी वापरला की त्या चष्मा काढून डबीत ठेवत. म्हणजे आजची भेट संपली.

मद्रासच्या एग्मोर भागात आमच्याच मजल्यावर त्या राहायच्या. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची आणि चाल तमिळ. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोकांच्या पूर्वजांच्या दफनाच्या नोंदी शोधून द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. बाईमाणसाने अशा जागी जावं हे नातेवाइकांना पटत नसे, म्हणून ते पाठीमागे त्यांना स्मशानमामी म्हणत. मामींना ते ठाऊक होतं. तिथून परतल्यावर त्या आंघोळसुद्धा करत नसत. "कागदाला सुतक नसतं," म्हणत आणि थेट दहीभाताला बसत.

मी त्यांच्याकडे गेले ती आईसाठी. माझे वडील मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरीला असताना आईचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं. इतकं लहान मूल आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. वडील एकटेच घेऊन गेले आणि कुठे, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आई आता पुण्यात अंथरुणाला खिळलेली होती. ती जागा कुठे, एवढंच तिला हवं होतं.

मी आधी अर्ज करून पाहिला होता. कुलकर्णी नावाची नोंद नाही, असं उत्तर आलं. ते वाचून मामी हसल्या.

"इथे आडनावाने कोणी पुरलं जात नाही, मा. बापाचं नाव सांग."

सदाशिव, मी सांगितलं. आवडीतल्या स्मशानाच्या कचेरीत त्या उभ्यानेच जुनी पानं चाळत होत्या. तमिळ अक्षर किरटं, शाई उडालेली. एका ओळीवर बोट थांबलं: सदाशिवम, मुलगा, नाव नाही. मी लगेच फोन काढला, तर त्यांनी मनगट धरलं. या नावाचे बाप मद्रासेत पोत्याने मिळतील, म्हणाल्या. आईला दिवस विचार. आईला तारीख आठवेना. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला कोणी बोलावलं नाही, एवढं ती म्हणाली. नोंद मार्गळी महिन्याच्या अखेरची होती, म्हणजे संक्रांतीच्या तोंडावरची. पत्ता कारखान्याच्या क्वार्टर्सचा.

"सरि," मामी म्हणाल्या. "हा तुझा भाऊ."

त्याला भाऊ म्हणायचं मला तोवर सुचलं नव्हतं.

नोंद सापडली की जागेवर जायचंच, हा त्यांचा नियम. लहान मुलांचा कोपरा कुंपणाला लागून होता. तीच माती पुन्हा पुन्हा उकरलेली, खूण कसलीच नाही. मी आईला फोन लावला आणि जागा सापडल्याचं सांगितलं. तिने विचारलं, "तिथं सावली आहे का गं?"

मी कुंपणाच्या टोकापर्यंत नजर फिरवली. मामींनी फोन माझ्या हातातून घेतला.

"आहे, अक्का. पुंगन झाड आहे. मोठं आहे. बरोब्बर त्याच्याखाली."

आईने त्यांना मंगलाष्टकं म्हणावीत तसे आशीर्वाद दिले. मामींनी ते सगळे ऐकून घेतले, फोन मला दिला आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

त्या वर्षी आई गेली, पुढच्या वर्षी मामी. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. परत निघेपर्यंत आम्ही दोघी तिथे रणरणत्या उन्हात उभ्या होतो.