शेवटच्या गाडीवरची बाटली

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल की हा माणूस भुताच्या आड लपतोय. यात भूत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. पण चूक होती, आणि ती एका धडधाकट, शुद्धीवर असलेल्या माणसानं केलेली होती.

मी हिंगोलीचा. पन्नाशीला आलोय. पाण्याच्या मोटारी रिवाइंड करून द्यायचं माझं दुकान आहे. जळालेली मोटार उघडली की कारण सापडतंच... कधी वेळ लागतो, पण सापडतं. आयुष्य असल्या कामात गेल्यामुळे अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास बसला नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना बायकोला वाचून दाखवायचो आणि हसायचो. आज माझाच लिहायला बसलोय.

आम्ही पाच मित्र रविवारी मोटारसायकलवर भटकायचो. हायवे सोडून – माळरानं, तांडे, पाझर तलाव, जिथं बस सुद्धा नाइलाजानं जाते असे रस्ते. तिकडं पंप नसतात. म्हणून पेट्रोल कुठं भरायचं ते आदल्या दिवशी ठरवून ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. सगळ्यात लहान टाकी कुणाची ते बघायचं आणि त्या टाकीच्या हिशेबानं थांबे ठरवायचे, हा नियम मीच घालून दिलेला. ती लहान टाकी प्रल्हादची.

प्रल्हाद माझा शाळेपासूनचा मित्र. तहसीलजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान. गाडी वडिलांच्या वेळची – टाकी लहान, आणि पेट्रोल मात्र भारी प्यायची. चालवायचाही हळू, म्हणून तो कायम सगळ्यांच्या मागे. शेवटच्या गाडीवर आम्ही पेट्रोलची एक भरलेली बाटली ठेवायचो, कुणाची गाडी वाटेत बंद पडली तर मागून येणारा प्रल्हाद त्याला गाठणारच म्हणून. आणि थांब्यावर पोचला की हेल्मेट काढून तो ओरडायचा, "मागं कोणी न्हाई!" त्यानं हे म्हटल्याशिवाय कुणी पुढे हलायचं नाही अशी आमची पद्धत. बालाजी त्याला चिडवायचा, "आला बघा गार्डाचा डबा!" प्रल्हाद म्हणायचा, "डब्याबिगर गाडी सुटत न्हाई म्हणा!"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र संपत आला होता. नरसी, सेनगाव, गोरेगाव करत पुढे लोणारच्या अंगाला जायचं ठरलं. मी ग्रुपवर टाकलं – हिंगोलीत कुणी भरू नका, सेनगावला सगळे एकदम भरू. सेनगावला पोचलो तर पंपावर ट्रॅक्टरांची ही रांग. ऊन चढायला लागलेलं. मोबाईलच्या नकाशावर गोरेगावच्या पुढे एक पंप दिसत होता. मी म्हणालो, "चला, तिथं भरू."

प्रल्हाद म्हणाला, "गज्या, माझी टाकी पुरंल का रे तिथवर?"

"पुरते रे. मी हिशेब केलाय."

हिशेब केला नव्हता.

गोरेगाव मागे पडलं. रस्त्याकडेला ताडपत्र्यांवर शिजवलेली हळद वाळत घातलेली. आणि तो पंप आला – नुसतं छत आणि चार खांब. अजून मशीनच बसवलेलं नव्हतं. बाकी तिघांच्या टाक्या मोठ्या, ते केव्हाच पुढे निघून गेलेले. मी मधे. थोडं पुढे एक लांब चढ लागतो, आजूबाजूला एक सावली नाही, वर जाऊन एक पळसाचं झाड तेवढं. त्या चढाला माझी गाडी दोन आचके देऊन बंद पडली. टाकी कोरडी. पेट्रोलचे थांबे ठरवणाऱ्याची टाकी!

मागून प्रल्हाद आला. मला बघून आधी हसला. "काय इंजिनियर सायेब?" मग पिशवीतून बाटली काढली आणि सगळीच्या सगळी माझ्या टाकीत ओतली.

मी म्हणालो, "कुणाला सांगू नको बरं. लेकाचे वर्षभर हसतील."

"म्या कशाला सांगू? चल, व्हय पुढं."

"तुझ्या गाडीत आहे ना?"

त्यानं टाकीवर थाप मारली. "हाय की."

टाकीवर थाप मारली की आत किती आहे ते आवाजावरून कळतं. मला तर नक्कीच कळतं. तो आवाज पोकळ होता. मी ऐकला... आणि किक मारून निघालो.

पुढे एका फाट्यावर चहाच्या टपरीपाशी बाकीचे थांबले होते. बालाजी म्हणाला, "प्रल्हाद येऊ दे." सगळ्यांना भूक लागलेली. मला तर तिथून लवकर हलायचं होतं, माझी फजिती बाहेर पडायच्या आत. मीच म्हणालो, "तो येतो रे निवांत. मागंच आहे. चला आपण." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही त्याचं ते वाक्य ऐकल्याशिवाय निघालो.

जेवायला बसलो तेव्हा फोनवर प्रल्हादचा मिस्ड कॉल दिसला. मी लावायच्या आत त्याच्याच नंबरवरून परत फोन आला. आवाज अनोळखी. कुणी ट्रॅक्टरवाला होता. "भाऊ, या फोनवरून शेवटी तुमालाच कॉल झाला म्हून लावला... तुमचा माणूस चढावर गाडी ढकलून राहिला होता. पळसाखाली बसला, तो उठलाच न्हाई."

हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

त्याच्या गाडीची टाकी कोरडी आणि पिशवीतली बाटली रिकामी. लोकांनी आपापल्या मनानं अर्थ लावला – बाटली भरून घ्यायलाच विसरला असेल. मी ऐकत होतो. तेराव्याच्या दिवशी वहिनींनी ती बाटली माझ्या हातात दिली. "ग्रुपची वस्तू हाय भाऊजी, तुमीच ठेवा." मग म्हणाल्या, "त्या दिवशी एकादशी होती. मी म्हणलं, मला नरसीला घेऊन चला दर्शनाला. हे म्हणले, आज मित्रायसोबत चाललो. मी लई बोलले, भाऊजी. नको ते बोलले. रागारागात तसेच गेले... म्हून बाटली भरायचं ध्यानात राहिलं नसंल त्यायच्या. माझ्यामुळं झालं हे."

मी म्हणायला हवं होतं की वहिनी, बाटली भरलेली होती. तोंड उघडलं सुद्धा. पण शेजारी बालाजी होता, पाहुणे होते... मी एवढंच म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका."

नंतर वहिनी झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागल्या. मी जाता-येता नमस्कार करायचो. त्या कधी नरसीला गेल्या नाहीत असं बायकोकडून कळलं. दर एकादशीला उपास करायच्या, पण दर्शनाला म्हणून नाही. बायको म्हणायची, "काहून जात नसतील हो?" ती बाटली दुकानात वरच्या फळीवर होती. मी तिकडे बघायचं टाळायचो.

यंदा बालाजीनं परत विषय काढला. "प्रल्हादच्या आठवणीत एकदा त्या रस्त्यानं जाऊन येऊ. परतताना पळसाखाली नारळ फोडू." थांबे त्यानंच ठरवले. मी म्हणालो, मला शेवटची गाडी द्या.

मी हिंगोलीत टाकी फुल केली. नवी बाटली भरून पिशवीत ठेवली. सेनगावला सगळ्यांनी परत भरलं. म्हणजे पेट्रोलची शंका घ्यायला कुठं जागा नव्हती. चढाच्या अलीकडे बाकीचे पुढे गेले, मला ते दिसेनासे झाले. चढ लागला... आणि माझ्या गाडीनं दोन आचके दिले. बंद.

तोच चढ, तीच जागा. आजूबाजूला काही खूण नाही, पण माणूस आपली लाज वाटण्याची जागा विसरत नाही.

टाकीचं झाकण काढलं – पेट्रोल वरपर्यंत. प्लग काढून बघितला, ठिणगी चांगली. नळी मोकळी. हे माझं रोजचं काम आहे हो! बंद पडायला एकही कारण नव्हतं. फोनला रेंज नाही, प्रल्हादचा फोन मात्र इथूनच लागला होता. शेवटी गाडी ढकलत निघालो. डोक्यावर ऊन, हेल्मेट हँडलला लटकवलेलं, आणि गाडी पावलागणिक जड होत चाललेली. अर्ध्या वाटेत छातीत धडधडायला लागलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, प्रल्हादनं काय ढकललं असेल ते.

पळसाखाली पोचून बसलो. तिथं एक बाई शेळ्या चारत होती. वयस्कर, डोक्यावरून पदर, हातात काठी. मला बघून म्हणाली, "आता तुमचीबी बंद पडली काय?"

"तुमचीबी म्हणजे?"

"आता एक जण गेला की तुमच्या म्होरं. जुनी गाडी ढकलत. घामानं पार भिजला होता बिचारा. त्याच्या पिशवीत बाटली दिसली, भरलेली. म्या म्हणलं, भाऊ, काहून तकलीफ घेऊन राहिला? हाये की पेट्रोल, टाक ना." तिनं काठीनं एका शेळीला हाकललं. "तर म्हणला, हे माझं न्हाई मावशी. दोस्ताचं हाय. तो मागून येऊन राहिला."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. गेला ढकलत. म्या म्हणलं, कसा रे हा माणूस! जवळ असून टाकंना."

मी उठून रस्त्यावर आलो. पळसापासून पुढे रस्ता सरळ आहे, लांबवर दिसतो. रस्ता मोकळा होता. मी वेड्यासारखी हाक मारली – "प्रल्हाद!" शेळ्या बुजल्या. बाई माझ्याकडे बघत राहिली.

परत येऊन गाडीला किक मारली. पहिल्या किकला चालू झाली.

फाट्यावर तिघंही माझी वाट बघत होते. मी शेवटच्या गाडीवर, म्हणजे ते वाक्य आता मी म्हणायचं. हेल्मेट काढलं आणि मागं वळून रस्त्याकडे बघितलं. मागं कोणी नाही असं मी कसं म्हणणार होतो? बालाजीनं धरून बाकड्यावर बसवलं. "गज्या, काय झालं रे?" तिथंच, टपरीवर, मी सगळं सांगितलं. बाटलीचं, पोकळ आवाजाचं, वहिनींचं. कुणी हसलं नाही. बालाजी उठून लांब जाऊन उभा राहिला, पाठ करून. मग तिथूनच म्हणाला, "हे आमाला सांगून काय उपयोग?"

मी त्या बाईला भेटायला नंतर एकदा मुद्दाम गेलो. मला वाटलं, दोन वर्षांपूर्वी हिनं खऱ्या प्रल्हादला पाहिलं असेल आणि दिवसांची गल्लत करत असेल. ती म्हणाली, "म्या तर यंदा आले इथं लेकीकडं. मालक गेल्यावर." आणि तेव्हा पाहिलं असतं तरी त्याची बाटली रिकामी होती. ती माझ्यामुळेच रिकामी होती. तीच हकीकत तिनं परत सांगितली, शब्द इकडेतिकडे न करता. गाडी मी दोनदा उघडली, दुसऱ्या मेकॅनिकलाही दाखवली. बराबर आहे म्हणतो. कुणी म्हणेल ऊन लागलं असेल, कुणी म्हणेल मनाचे खेळ. असतील. पण त्या बाईच्या मनात माझं मन कसं शिरलं? मला याचं कारण सापडलेलं नाही.

त्या रविवारी आम्ही पुढे गेलोच नाही. पळसाखाली नारळ फोडून परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीवरची ती जुनी बाटली घेऊन वहिनींच्या दुकानात गेलो. मशीन चालू होतं. एक पोरगी कसली तरी कागदपत्रं घेऊन गेली, मग आम्ही दोघंच.

वहिनी म्हणाल्या, "या भाऊजी. हे काय घेऊन आले?"

मी बाटली काउंटरवर ठेवली. "वहिनी, ही त्या दिवशी भरलेली होती. प्रल्हादनं भरूनच आणली होती. माझी गाडी बंद पडली, त्यानं सगळं मला दिलं. कुणाला सांगू नको म्हणून मीच म्हणालो. त्याची टाकी रिकामी आहे हे मला कळलं होतं, तरी मी त्याला मागं टाकून गेलो."

त्यांनी मशीन बंद केलं. बाटलीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "भरली होती?"

"व्हय. काठोकाठ."

"मी एवढं बोलल्यावर बी?"

"तरीबी. काही विसरला नव्हता तो. आम्हाला भेटला तेव्हा हसत होता."

त्या स्टुलावर बसल्या. पदर तोंडाशी धरला. रडण्याचा आवाज आला नाही, नुसते खांदे हलत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन वर्षं, भाऊजी. दोन वर्षं मी देवाच्या दारात जायला भ्याले. तुमाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग काहून?"

याचंही कारण माझ्याकडे नव्हतं. मी हात जोडले. त्या वयानं माझ्याहून लहान आहेत, तरी वाकलो.

"चूक झाली, वहिनी," मी म्हणालो. "माझी झाली. त्याची नाही. आणि तुमची तर कधीच नव्हती."