विहिरीतले बुडबुडे

आमच्या घरात बुडबुड्यांचा एक नियम होता. विहिरीत माणूस उतरला की काठावरच्यांनी पाण्यावरची नजर काढायची नाही. बुडबुडे येतायत तोवर खाली सगळं ठीक; थांबले की उडी टाकायची. नियम माझ्या सासऱ्यांचा. मी त्यांना मामा म्हणते. त्यांचा धाकटा भाऊ ह्याच विहिरीत गाळ काढताना गेला, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. ती गोष्ट मामा दर उन्हाळ्यात सांगायचे. "लई दमाचा गडी. आमी बसून बघतोय, बुडबुडे येतायत, येतायत. थांबले तशी म्या उडी टाकली. पण तेवढ्यात घात झाला." डोळे भरून यायचे, तरी आवाजात अभिमान असायचा, की एवढा दम अख्ख्या शिवारात कुणाला नव्हता. मला ऐकताना कसंतरीच व्हायचं. पण सुनेनं काय बोलावं? ऐकायचं आणि चहा टाकायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी माझी कळशी विहिरीत पडली. पायऱ्या उतरून मी लांब कळकानं तळ चाचपला. काठावरच्या कडुलिंबाचा पाला वर्षानुवर्षं आत पडून कुजलेला. कळक चिखलात रुतला तसे भसाभस बुडबुडे वर आले, बारीक बारीक, एकाच जागेवरून, आणि वर सडक्या अंड्यासारखा वास. कळक काढून घेतला तरी येतच राहिले. पाला पाण्याखाली कुजला की त्यात वायू धरतो, चिखलाच्या पोटात दबून बसतो आणि कुणी ढवळलं की सुटतो. एवढं तर आमच्या तेरणेकाठच्या पोरींनाही माहीत असतं. मी "शीऽ" म्हणून नाक धरलं आणि कळशी घेऊन वर आले.

दुपारी लाईट आली. मोटार लावली तर पाइपातून पाणी कमी आणि हवाच जास्त. पाइपाच्या तळाला जी झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात, तिच्यात कचरा अडकला असणार. मोटार बंद करून आमचे हे विहिरीत उतरले; मामा आणि मी काठावर. कमरेला दोर बांधलेला, दोराचं दुसरं टोक भाऊजींच्या हातात. म्हणजे एका हातात. दुसऱ्या हातात मोबाइल. धाकट्या दिराला जास्त बोलायचं नसतं, म्हणून मी पाण्याकडंच बघत राहिले.

दोन बुड्या मारून हे वर आले. "पालाच पाला हाय," म्हणाले, तोंड पुसलं आणि पुन्हा खाली गेले.

त्या दोन्ही खेपांना मी पाणी नीट बघितलं होतं. माणसाच्या श्वासाचे बुडबुडे मोठे असतात. भकभक एक घोस येतो, मग पाणी गप्प, मग पुन्हा घोस. आणि माणूस हलला की त्यांची जागाही हलते. तिसऱ्या खेपेला एक घोस आला. मग काहीच नाही. मग बारीक बारीक यायला लागले, न थांबता, एकाच जागेवरून.



"मामा, लई वेळ झाला."

"येतायत की बुडबुडे. काम चाललंय त्याचं."

"हे त्यांचे न्हायत मामा. चिखलाचे हायत."

"गप बस पोरी, अभद्र बोलू नको! मधीच दोर ओढला तर पाइपाला गुतंल."

तेवढ्यात वास आला. सकाळचाच. आवाज फुटला तो असा, की स्वतःचाच ओळखू येईना. "भाऊजी, टाका तो मोबाइल! ओढा! मेलं तुमचं बघणं, ओढा!" मी धावत जाऊन दोर धरला. भाऊजींनीही मोबाइल फेकला आणि जोर लावला. दोर येईना. आम्ही दोघं पायरीला पाय रोवून ओढतोय, माझ्या तळहाताची सालं निघतायत आणि समोर ते बुडबुडे निवांत वर येतायत. मी मनात म्हणत होते, येऊ द्या वर, फक्त येऊ द्या, मी जन्मात पुन्हा भांडणार नाही.

दोर एकदम सुटला. हे वर आले ते मान टाकून. ओठ निळे. भाऊजींनी पायरीवर घेऊन कुशीवर वळवलं, मी पाठीत धपाटे घातले. काहीच होईना. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मग भडाभडा पाणी ओकले आणि खोकले. खोकत राहिले. मी तिथंच बसकण मारली आणि मोठ्यानं रडले, आणि रडता रडता त्यांना इतक्या शिव्या दिल्या की भाऊजी खाली बघायला लागले.

तळातल्या जुन्या वायरीत पाय अडकला होता. घोट्याची कातडी सोलून निघालेली. सोडवायला पाय झाडले, त्यात सगळा चिखल ढवळला गेला.

मामा मात्र जवळ आले नव्हते. ते होते तिथंच उभे होते. पोरगा पायरीवर बसून श्वास घेत होता, विहिरीत कुणीच नव्हतं, आणि पाण्यावर त्याच जागी बुडबुडे येत होते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मग त्या दिशी आमी काय बघत बसलो व्हतो?"

माझं रडणं थांबलं. उत्तर मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक झालं होतं.

"ते त्यांचेच असतील मामा," मी म्हणाले. "लई दमाचे होते ना ते."

मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते पाण्याकडं बघत होते. बुडबुडे अजून येतच होते.